गठाणला शुगर निघाली

शुगर झालेली माणसं जगात लाखांनी असतील, पण शुगर झाल्याचा अभिमान वाटणारी बाई देवानं एकच घडवली, आणि ती आमच्या वाट्याला आत्या म्हणून आली. बाकीचे लोक हा आजार लपवतात. कुणी विचारलं तर "जरा साखर निघालीय" असं पुटपुटतात. आमची आत्या लग्नाच्या पंगतीत वाढपी लांबून येताना दिसला की तिथूनच ओरडायची, "मला जिलबी नको रे बाबा, मला शुगर हाय! डॉक्टर म्हणले, आख्ख्या सेलूत अशी शुगर कुणाला न्हाई!" वाढपी बिचारा घाबरून पुढं सरकायचा. मग त्याला मागून हाक, "अरे, आलाच हायस तर अर्धी टाक. लेकरा, तुझं मन मोडायचं म्हणजे मलाच कसंतरी होतंय." अशा अर्ध्या-अर्ध्या करत ती वाढप्याचं मन राखायची, आणि वर शेजारणीला सांगायची, "आख्खी खाल्ली तर शुगर वाढती. अर्धीचं काय न्हाई."

तिच्या आजाराचं सामान देवघराशेजारच्या कोनाड्यात असायचं. काचेची सुई उकळायचं पितळी भांडं, स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली. घरच्या घरी शुगर बघायची तर तेव्हा तोच रस्ता होता. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर न्हाई. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारंगी झालं तर लय, आणि विटकरी झालं तर देवाचं नाव घ्यायचं. हा कार्यक्रम ती रोज सकाळी ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर करायची आणि रेडिओवर कापसाचे भाव सांगतात त्या आवाजात निकाल सांगायची, "आज... हिरवा!" समोरून कुणीतरी विचारायचं, "काल तर नारंगी होता, आत्याबाई?" "काल बारसं होतं!" गल्लीतल्या सुना त्या रंगावर हवामान ठरवायच्या. विटकरी असला की त्या दिवशी कुणी आत्याकडं विरजण मागायला जायचं न्हाई.

मी तेव्हा सेलूत तिच्याकडं शिकायला होतो. तिला लेकरू न्हाई, म्हणून बापानं मला लहानपणीच तिच्या ओट्यावर आणून सोडलेलं. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ते दिवसाला जेवढं बोलायचे तेवढं आत्या एका शिंकेत बोलायची. मला नकला करायचा नाद. हेडमास्तर झाले, बसस्टँडवरला कंडक्टर झाला, पण आत्याची नक्कल केली की गल्ली लोटपोट व्हायची. एकदा मी चौकात "आज... विटकरी!" असं ओरडलो आणि मागं बघतो तर आत्या उभी. मला वाटलं, आता कान जातो. ती म्हणली, "आवाज जमलाय. आता माझ्यासारखी सुई टोचून घेऊन दाखव, मग तुला माझी नक्कल जमली म्हणीन." तेव्हापासून मी आवाजावरच भागवलं.

तर ह्या घरात गठाण होता. गठाण म्हणजे बोका. जिनिंगमध्ये रुईच्या ढिगावर सापडलेला, मामांनी खिशात घालून आणलेला. मोठा झाला तो रुईच्या गाठीसारखा पांढराशुभ्र, चौकोनी आणि दाबून बांधलेला, म्हणून त्याचं नाव गठाण. आत्या मात्र त्याला लोकांपुढं गठाणराव म्हणायची. पूर्वी गरीब घरची पोरं शिकायला शहरात आली की वार लावून जेवायची, सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. गठाणनंही गल्लीत असेच वार लावले होते. फरक एवढाच, की पोरं एका वारी एका घरी जेवायची आणि गठाण सगळ्या वारी सगळ्या घरी. किराणावाल्याकडं बासुंदीचं पातेलं चाटायचा, मास्तरांकडं दूधपोळी, वर साखर भुरभुरवून. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या खालाकडं कीमा. खाला म्हणजे आत्याची शेजारीण आणि आत्याची वकील. दोघींची भांडणं भिंतीवरून व्हायची आणि दिलजमाई पण भिंतीवरूनच व्हायची.

एका पोळ्याच्या सुमाराला गठाण बारीक व्हायला लागला. खायचा दोन माणसांचं, आणि अंगाला लागायचं न्हाई. माठाखाली ठिबकणारं पाणी दिवसभर चाटत बसायचा. चौकोनाचा पार त्रिकोण झाला. मामा म्हणले, "म्हातारा झाला." खाला म्हणली, "नजर लगी इसकू." आणि एके दिवशी आत्या परसात राखेच्या ढिगापाशी गेली, तर तिथं मुंग्यांची रांग. गठाण जिथं बसून आला होता, नेमकी तिथंच. आत्या उभी राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला, जसा पोराचा निकाल लागल्यावर आईचा उजळतो. "अगं माय! ह्याला शुगर हाय!"

आता मांजराची लघवी नळीत घ्यायची कशी? राखेत ती मुरून जाती. आत्यानं परात घेतली, तिच्यात घासून धुतलेले चिंचोके पसरले आणि राखेच्या जागी ठेवली. गठाणनं एकदा वास घेतला, आत्याकडं तुच्छतेनं बघितलं, आणि शेवटी नाइलाजानं बसला. चिंचोके पाणी पीत न्हाईत. परात कलंडली की सगळा माल एका कडेला. आत्यानं ओट्यावर दिवा पेटवला. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारंगी, आणि बघता बघता विटकरी! एवढा दाट विटकरी, की त्यात भिंत बांधली असती. आत्यानं नळी उंच धरली आणि गल्लीला दाखवली. "बघा! माझ्यावरच गेलाय!"

मामा कधी नव्हे ते बोलले. "आता मांजराला बी लावलीस का तू?"

"अहो, संगतीनं लागत न्हाई शुगर. नशिबानं लागती," आत्या म्हणली, आणि पदरानं गठाणचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅशिंजरनं आम्ही परभणीला. कोंबड्या झाकायच्या डालग्यात गठाण, वर फडकं, फडक्यावर आत्याचा हात. जनावरांच्या दवाखान्यात ही रांग. पुढं बैल, मागं म्हैस, मधे आम्ही. सोनपेठकडचा एक शेतकरी म्हैस घेऊन आला होता. त्यानं विचारलं, "बाई, कोंबडीला काय झालंय?" आत्या म्हणली, "कोंबडी न्हाई. मांजर हाय. शुगर हाय." त्या माणसानं आधी डालग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग म्हशीला दोन पावलं मागं घेतलं.

डॉक्टर आडदांड होते. हात खांद्यापर्यंत म्हशीत घालून घालून त्यांना लहान जनावर दिसायचं बंद झालेलं. त्यांनी आधी हसून घेतलं. मग आत्यानं घरून बरोबर आणलेली विटकरी नळी पुढं धरली आणि ते हसायचे थांबले. त्यांनी गठाणला उचललं, तेव्हा गठाणनं त्यांना मनगटापासून कोपरापर्यंत एक सरळ रेघ मारून दिली. डॉक्टर मग टेबलाच्या पलीकडून बोलायला लागले.

"बाई, शुगर आहे हे खरं. पण इन्सुलिन द्यावं लागंल, सकाळ-संध्याकाळ, रोज. मांजराला दोन युनिट म्हणजे काचेवरच्या एवढ्याशा रेघा. आधी पोटात खाणं गेलं पाहिजे, मगच सुई. रिकाम्या पोटी सुई गेली, का मांजर आडवं झालंच. दूध, पोळी, साखर, भात, सगळं बंद. ह्याला मटण पाहिजे, बिनमसाल्याचं. हे घरी कुणाला जमत न्हाई. उगं त्याचे हाल करू नका. हे मांजर काही उन्हाळा बघत न्हाई."

आत्यानं डालग्यावर फडकं टाकलं. "उन्हाळ्यात आणून दाखवते," म्हणली. "हितंच बसा."

परतीच्या गाडीत तिनं डालगं मांडीवर घेतलं. मानवत रोड आलं. मग म्हणली, "मला पहिल्यांदा सुई लावली तवा तुझा आजा म्हणला होता, पोरगी आता काय जगत न्हाई. मेला तो. मी हाय." आणि डालग्यात बोट घालून गठाणच्या कानामागं खाजवत बसली. तेव्हा मला कळलं की ही आता गठाणचं नुसतं मांजराचं म्हणून करणार न्हाई, स्वतःचं म्हणून करणार.

पहिलं काम, गल्ली बंद. आत्या घरोघर फिरली. "आजपासून गठाणचे वार बंद. एका घासाला मी जबाबदार न्हाई, तुम्ही जबाबदार." मास्तरांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, दारात येऊन म्याँव म्हणलं तर हाकलू का हो त्याला?" "हाकलू नका. माझ्याकडं बोट दाखवा." तेव्हापासून गठाण कुणाच्याही दारात गेला की त्या घरातलं लहान लेकरूसुद्धा हात लांब करून आमच्या घराकडं बोट दाखवायचं. गठाण त्या बोटाकडं बघायचा, बोटाच्या मालकाकडं बघायचा आणि असा काही उसासा टाकायचा की मास्तर दोन दिवस जेवले न्हाईत.

दुसरं काम, मटण. आमच्या घरात मामांच्या गळ्यात तुळशीची माळ. चुलीवर अंडं उकडलेलं न्हाई कधी. पण खाला कशाला होती? तह असा ठरला, की जेवण खालाच्या घरचं, सुई आत्याच्या घरची. सकाळ-संध्याकाळ खाला उकडलेलं मटण बारीक करून वाटीत घालायची आणि गठाण खाईपर्यंत समोर बसायची. खाऊन झालं की भिंतीवरून आवाज, "खाया गे, खाया तेरा बेटा!" आत्या हिकडून, "सगळं खाल्लं का?" "पूरा खाया, वाटी चाट्या!" ही आरोळी आल्याशिवाय आत्या सुईत औषध भरायची न्हाई. फक्त एकादशीला आत्यानं सूट घेतली होती. "खाला, एकादशीला मटणाचं नाव माझ्या कानावर घालू नको. नुसती वाटी वाजव, मला कळंल." म्हणून एकादशीला भिंतीपलीकडून टण्‌ टण्‌ वाजायचं आणि आत्या डोळे मिटून म्हणायची, "आलं ध्यानात."

आणि तिसरं काम, सुई. ते बघायला तर लोक यायचे. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत डबीत ठेवलेली असायची, कारण घरात फ्रीज नव्हता, आणि ज्यांच्या घरी होता त्यांच्या घरी लाइट नसायची. आत्या पाटावर बसायची, बाजूला गठाण. आधी स्वतःचं. "मोठ्यांचं आधी." मांडीत सुई टोचताना त्याला दाखवायची, "हे बघ. माझं वीस, तुझं दोन. रडले का मी?" मग दुसरी सुई, दोन रेघा, त्या पण खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून. मानेवरची कातडी दोन बोटांत उचलायची, टुचुक, आणि "झालं रं राजा." पहिले काही दिवस गठाणनं सगळ्यांना ओरबाडलं. मामांच्या माळेचे मणी सगळ्या घरात झाले. पण पितळी भांड्यातलं पाणी खदखदायला लागलं की हळूहळू तो आपणहून येऊन पाटाजवळ बसायला लागला. आत्या म्हणायची, "बघ, किती शाहाणा. मला सुद्धा वरीसभर लागलं होतं."

दिवाळीला रंग नारंगीवर आला. संक्रांतीला पिवळा. सकाळच्या बातम्यांत आता दोन भाव लागायचे. "मी नारंगी, गठाणराव पिवळे!" पुढं तर असं झालं की मांजराचा रंग आत्याच्या रंगापेक्षा चांगला यायला लागला, आणि आत्या त्याचा राग न करता उलट पेढे वाटल्यासारखी गल्लीभर सांगत फिरायची. गठाणला अंग धरलं. त्रिकोणाचा पुन्हा चौकोन व्हायला लागला.

मग रमजान आला. खालाचे रोजे सुरू झाले. उपाशीपोटी सुद्धा ती गठाणची वाटी चुकवायची न्हाई, सकाळी करून द्यायची, नाकाला पदर लावून. आणि त्या महिन्यात पहिली एकादशी आली. सकाळी आत्या पाटावर बसली. भिंतीपलीकडं वाटी वाजली न्हाई. आत्यानं वाट बघितली. गठाण भिंतीवरून उडी मारून आला आणि नेहमीसारखा शेजारी बसला. आत्याच्या मनात आलं, खालाचा रोजा हाय, अंगात त्राण नसंल, वाटी वाजवायची राहिली असंल. आणि उपाशी बाईला ओरडून काय विचारायचं, "खाल्लं का, खाल्लं का"? बरं दिसत न्हाई ते. असं म्हणून तिनं दोन रेघा भरल्या आणि टुचुक.

दुपारी गठाण परसातून आला तो वाकडातिकडा चालत. दारूच्या गुत्त्यावरून आल्यासारखा. ओट्यापाशी आला आणि एका अंगावर पडला. पाय थरथरायला लागले, डोळे उघडे, पण बघणं न्हाई. मामा म्हणले, "गेलं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"गेलं न्हाई!" आत्या अशी ओरडली की ती टोपी मामांच्या हातातून पडली. "साखर उतरलीय त्याची. मला होतं ना तसं. सगळं लांब लांब जायला लागतं, हाक ऐकू येती पण ओ देता येत न्हाई. ऐकायलाय तो. गठाण, हाय मी हितं! गूळ आण रे, पाण्यात कालवून!" मी गूळ आणेपर्यंत तिनं भिंतीकडं तोंड केलं, "खाला! सकाळी खाल्लं का ह्यानं?"

भिंतीवर खालाचं तोंड आलं, पांढरं फटक. "या अल्ला! तू नै खिलाई? हर एकादशी कू खिलाती थी, पर आज मेरेकू खुदकू रोजा है, तो मन में आया, इसके घर भी एकादशी. तेरे घर का बच्चा, एकादशी के दिन गोश्त कैसा खिलाऊँ! तू दूध दी होगी बोल के मैं गप बैठी!"

"आन् मी म्हणलं तुझा रोजा, तुला खाण्याचं कसं विचारू!"

दोघींनी एकमेकींच्या उपवासाचा असा मान ठेवला होता, आणि मधल्या मधे मांजर उपाशी. त्या क्षणाला मात्र कुणी कुणावर चिडलं न्हाई, तेवढा वेळच नव्हता. आत्यानं गुळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि गठाणच्या हिरड्यांना आतून चोळायला लागली. ओतलं न्हाई. "ओतलं तर घशात अडकंल. नुसतं चोळायचं, आपोआप आत जातं." खाला भिंतीवरून उतरून आली ती साखरेचा डबाच घेऊन. आरडाओरड ऐकून गल्ली धावली. किराणावाला काकवी घेऊन आला, मास्तरांची बायको मध घेऊन आली, कुणाच्या हातात खडीसाखर, कुणाच्या हातात बत्तासे. ज्या ज्या घरांना आत्यानं साखरबंदी केली होती, त्या सगळ्या घरांनी इतके महिने साठवलेली माया त्या दिवशी ओट्यावर आणून ओतली. लोकांच्या डोळ्यांत पाणी, आणि गठाणच्या मिशांना काकवी. आत्या कुणाकडं बघत नव्हती. बोट बुडवायची, चोळायची, "राजा, हाय मी," पुन्हा बोट बुडवायची.  मी वाटीत गूळ कालवून पुढं करत होतो.

आधी जिभेचं टोक हललं. मग मिशी. मग गठाणनं डोळे फिरवले, समोर पन्नास माणसं साखर घेऊन वाकलेली बघितली, आणि आत्याचं बोट कडकडून चावलं.

"चावला!" आत्या रक्ताळलेलं बोट उंच धरून नाचली. "चावला रे माझा! बघा, चावला!" खालानं तिला मिठी मारली. दोघी रडायल्या, दोघी हसायल्या, एकीचा रोजा, एकीची एकादशी. मग खाला पळत जाऊन संध्याकाळसाठी उकडून ठेवलेलं मटण वाटीत घेऊन आली. आणि मामा, जे कधी कुणाला हात लावायचे न्हाईत, त्यांनी खाली बसून खालाच्या हातातली वाटी घेतली, तीच, मटणाची, आणि माळ पाठीवर टाकून स्वतःच्या हातानं गठाणला घास भरवला. एकादशीच्या दिवशी, ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर.  आत्या म्हणली, "बारीक करून द्या. घशात अडकंल."

दुसऱ्या दिवशी धास्तीनं तिनं सुई दिलीच न्हाई. चिंचोक्यांची परात ठेवली, नळी उकळली. निळी. तिला वाटलं औषधच खराब झालं. म्हणून त्याच बाटलीतून स्वतःचं उकळून बघितलं, तर फर्स्टक्लास नारंगी. म्हणजे औषध बरोबर होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई न्हाई, पुन्हा निळी. आठवडा गेला, निळीच. आत्या रोज सकाळी दिव्यापुढं देवापुढं बसावं तशी बसायची, आणि निळा रंग निळाच राहिला की ओरडायची सुद्धा न्हाई. नळी नुसती छातीशी धरायची. ऊन लागलं, आंब्याचे दिवस आले, तेव्हा म्हणली, "चल. डॉक्टरला उन्हाळा दाखवून येऊ."

परभणीला उतरलो तर शहर बंद. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून कधी मोर्चा, कधी बंद, स्टेशनवर उतरून कळायचं की आज काय आहे. रिक्षा न्हाई, टांगा न्हाई. आत्यानं डालगं डोक्यावर घेतलं आणि भर उन्हात मधल्या रस्त्यानं चालायला लागली. चौकात एका हवालदारानं काठी आडवी केली. "बाई, कुठं? डालग्यात काय हाय?"

"पेशंट."

हवालदारानं फडकं उचललं. आतून गठाणनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं साहेब बिनवर्दीतल्या शिपायाकडं बघतात. हवालदारानं फडकं गुमान खाली केलं. "काय झालंय ह्याला?"

"काय न्हाई झालं," आत्या म्हणली. "तेच दाखवायला जायलेय."

दवाखान्यात त्या दिवशी बैल न्हाई, म्हैस न्हाई, बंदमुळं सगळं मोकळं. डॉक्टर पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. आत्यानं डालगं टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी गठाणकडं बघितलं. "हे ते मांजर न्हाई. बाई, तुम्ही दुसरं मांजर आणलं." आत्यानं नुसतं गठाणला पुढं केलं. डॉक्टरांनी हात लावला, आणि गठाणनं जुन्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ मारून दिली. "तेच आहे," डॉक्टर म्हणले.

त्यांनी स्वतः तपासलं. निळं. पुन्हा तपासलं. निळं. मग त्यांनी आतून शिकाऊ पोरं बोलावली आणि आत्याला खुर्ची दिली. स्वतःची खुर्ची! म्हणले, मांजरांत असं कधी कधी होतं म्हणे, वेळेत औषध आणि नीट खाणं मिळालं तर शुगर सुटून जाते. हे बरं होत आलेलं, म्हणूनच त्या दिवशी तेवढीच सुई त्याला जड झाली. पण घरी कुणी एवढं निभावलेलं त्यांनी बघितलेलं न्हाई. "बाई, ह्या पोरांना जरा सांगा कसं केलं." आणि आमची आत्या पंख्याखाली बसून बोलली. चिंचोके सांगितले, ओली वाळू सांगितली, हिरड्यांना चोळायचं सांगितलं, भिंतीवरची आरोळी तर खालाच्या आवाजात काढून दाखवली. तेव्हा मला कळलं, माझा नकलांचा नाद कुठल्या घराण्यातून आला ते. शेवटी एका पोरानं विचारलं, "आजी, सगळ्यात महत्त्वाचं काय?" आत्या म्हणली, "शेजारणीला विचारायचं. उपवास असला तरी विचारायचं."

संध्याकाळी सेलूच्या स्टेशनावर आख्खी गल्ली. बातमी आमच्या आधी कशी पोचली देव जाणे. खालानं डालग्याला मोगऱ्याचा गजरा बांधला. जिनिंगची पोरं पुढं, मधे डालगं, मागं मामा, छाती काढून, जसं काही सुया त्यांनीच टोचल्या. ओट्यावर चढून आत्यानं आरोळी ठोकली, "गठाणराव... निळे!" तशी टाळ्यांनी गल्ली दणाणली. पेढे वाटले. आत्यानं अर्धा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पितळी भांड्यात पाणी ठेवलं. एकच सुई. पाणी खदखदलं तसा गठाण आला आणि पाटाशेजारी बसला. आत्यानं स्वतःचं वीस टोचून घेतलं. गठाण उठेना. मान पुढं करून बसून राहिला. आत्यानं सुई खाली ठेवली. मग तिनं रिकाम्या दोन बोटांनी त्याच्या मानेवरची कातडी उचलली, हळूच दाबली, आणि म्हणली, "झालं रं राजा." तेव्हा कुठं तो उठून गेला.

हे पुढं रोजच सुरू झालं. मामा एकदा म्हणले, "त्याचं सुटलं ना आता? उगं चिमटे कशाला काढतीस?"

आत्या सुई पुसत होती. मान वर केली न्हाई तिनं.

"त्याचं सुटलं हो," ती म्हणली. "पण दोघं मिळून टोचून घ्यायची सवय लागली. एकटीनं लय दुखतंय."